उजवीकडची घडी

गुलमंडीच्या मागच्या बोळात आमचा छापखाना होता, तळघरात. रस्त्यावरून सात पायऱ्या उतरून खाली जायचं. खिडकी एकही नव्हती. वरचं शटर ओढलं की आत ट्यूबलाइटचा उजेड आणि शाईचा वास, एवढंच उरायचं. मी तिथं वीस वर्षं बाइंडर होतो. घड्या घालायच्या, पिना मारायच्या, कडा कापायच्या. सगळे मला सोनाजीमामा म्हणायचे.

मालक तात्यासाहेब. घरची फुलंब्रीकडं शेती, पण त्यांचं लक्ष सगळं छापखान्यात. मशीनवर कडुबा होता. पूर्वी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारा पुंजाराम फोरमन होता, पण विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागायच्या आधी जी दिवाळी आली, तिच्यानंतर तात्यासाहेबांनी खिळे भंगारात घातले आणि कॉम्प्युटर आणला. पुंजाराम घरी बसला. कॉम्प्युटरबरोबर यशोधरा आली.

ती छावणीकडून सायकलवर यायची. बावीस-तेवीस वर्षांची, सहा महिन्यांचा कोर्स केलेली. बौद्ध होती. आडनाव ऐकल्यावर तात्यासाहेब क्षणभर थांबले होते. मग म्हणाले, "टायपिंग मराठीतलं येतं ना? मग झालं." कडुबा तिला म्याडम म्हणायचा, आणि ते म्हणताना दर वेळी माझ्याकडं बघून हसायचा.

आता माझं सांगतो. मला वाचता येत नव्हतं. आकडे यायचे, अक्षरं नाही. आम्ही धनगर, खुलताबादच्या डोंगरावर आमची मेंढरं होती. एका साथीत कळप गेला तेव्हा बापानं मला शहागंजातल्या एका उर्दू छापखान्यात लावलं. मिसरूड फुटत होतं माझं. तिथं उस्तादांनी कागदाची घडी शिकवली. तो छापखाना बंद पडला तेव्हा मी तात्यासाहेबांकडं आलो. त्यांनी विचारलं, किती शिकलास? मी म्हणालो, चौथी. तेव्हापासून ती चौथी मी अंगावर वागवत होतो. फर्म्याची मांडणी, म्हणजे छापायच्या कागदावर कुठलं पान कुठं बसवायचं ते, पुंजाराम करायचा, मी त्यानं दिलेल्या खुणेवर घडी घालायचो. कुणाला संशय आला नाही.

तेव्हा वाळूजला कारखाने वाढत होते. माझ्या वयाच्या माणसाला तिथं एकच काम मिळेल असं मला वाटायचं, रखवालदाराचं. पण गेटवर नोंदवही असते. गाडीचा नंबर, माणसाचं नाव, कुणाकडं जायचं. म्हणजे मला तेही नव्हतं. ते तळघर सुटलं तर पडेगावच्या घरात बसून बायकोच्या, बानाबाईच्या मजुरीवर जगायचं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

जानेवारीच्या सुरुवातीला वाळूजच्याच एका कारखान्याचं काम आलं. कामगारांना वाटायची सुरक्षेच्या नियमांची पुस्तिका. सोळा पानं, मधोमध पिना, तीन हजार प्रती. यशोधरानं अक्षरं बसवली. चित्रं चिकटवली, चष्मा घातलेला माणूस, हातमोजे, विजेचा खटका. मग अडलं. एका कागदावर दोन पानं शेजारी-शेजारी छापायची आणि घडी घातल्यावर ती ओळीनं यायला पाहिजेत. कॉम्प्युटरच्या प्रोग्रामात ते आपोआप जुळवायची सोय होती, पण ती चालू केली की पडद्यावर एक चौकट यायची.

"डिस्कवर जागा नाही म्हणतंय," यशोधरा म्हणाली. तिनं तीनदा करून बघितलं. "जाऊ दे. हातानंच लावते. पण मामा, कुठल्या पानाच्या शेजारी कुठलं पान येतं ते आम्हाला शिकवलं नाही. तुम्ही डमी करून देता का?"

पुंजाराम गेल्यापासून कुणी मला काही विचारलं नव्हतं. त्याआधीही नव्हतं. मी कापायचं मशीन सोडून आलो. चार कोरे कागद घेतले, एकात एक ठेवले, दुमडले, हाडाच्या पट्टीनं घडी दाबली. उस्ताद म्हणायचे, "पीठ सीधे हाथ की तरफ रख. किताब उधरिच से बँधती." हातानं तेच केलं. कोऱ्या कागदाला मराठी कळत नाही की उर्दू. पाठ उजवीकडं धरून मी पानं उलटली आणि एक ते सोळा आकडे टाकले.

तिनं वरचा कागद उघडून टेबलावर पसरला.

"मामा, एक नंबर डावीकडं येतोय अन् सोळा उजवीकडं. असंच असतं का?"

तिनं विचारलं होतं. हे मी कधी विसरत नाही. मी एकदा बघितलं असतं तर कळलं असतं.

"असंच असतं," मी म्हणालो. "घडी घातल्यावर कळंल."

तिनं ती डमी पडद्याच्या वर भिंतीला टाचणीनं लावली आणि तिच्याकडं बघत-बघत सगळी पानं लावली. प्लेटा झाल्या, कडुबानं छापलं. काम घाईचं होतं, नमुना दुमडून बघायला कुणाला वेळ नव्हता. मी घड्या घातल्या, पिना मारल्या, कडा कापल्या. माझ्या हाताला काही खटकलं नाही. खटकणार कसं, घडी त्याच हाताची होती.

शनिवारी दुपारी तात्यासाहेबांनी गठ्ठ्यातली एक प्रत उचलून उघडली. त्यांचा चेहरा बघून मी जवळ गेलो.

"ही सुरुवात आहे का शेवट?" ते म्हणाले. "पहिल्याच पानावर दवाखान्याचे अन् फायर ब्रिगेडचे फोन?"

त्यांनी पानं उलटली. पंधरा, चौदा, तेरा. दुसरी प्रत उघडली, तिसरी उघडली. यशोधरा उठून आली. कडुबानं मशीन बंद केलं. मीही एक प्रत घेतली आणि माझ्या हातानं ती आपसूक फिरवली, पाठ उजवीकडं आली. एक, दोन, तीन, चार. सगळी पानं सरळ. उर्दू किताबासारखी ती उजवीकडून उघडत होती.

मला तेव्हाच कळलं. मी प्रत होती तशी फिरवून गठ्ठ्यावर परत ठेवली. दुरुस्ती कशी करायची तेही बाइंडरला लगेच दिसतं. पण औषध सांगायचं तर रोगही सांगावा लागतो.

"गुरुवारी माल न्यायला गाडी येणारे," तात्यासाहेब म्हणाले. "चूक कुणाची ते मला कळलं पाहिजे. ज्याची असंल त्यानं घरी बसायचं."

"प्रोग्रामचीच काहीतरी भानगड असणार," यशोधरा म्हणाली. "पानं मी मामांच्या डमीवरून लावलीत. डमी चुकायची नाही."

ती हे मनापासून म्हणाली. त्या दिवसापासून मला तळघराच्या पायऱ्या जास्त वाटायला लागल्या.

रविवारी ती सुट्टी असून आली. मीही आलो, घरी बसवेना म्हणून. ती एकेक पान पुन्हा छापायची, दुमडायची, बघायची. डावं पान, उजवं पान, समास, काय-काय बदलून बघितलं. दर वेळी सोळा वर. बदल करून झाला की ती मान वर करून भिंतीवरची डमी बघायची आणि पुन्हा तसंच लावायची. मी मागं स्टुलावर बसून बघत होतो. विहिरीत पोहरा सोडायचा आणि तो दर वेळी रिकामा वर यायचा, असं ते दिवसभर चाललं.

"मामा, तुम्ही घरी जा की," ती म्हणाली. "माझ्यापायी कशाला बसता?"

"बसतो," मी म्हणालो.

सोमवारी कॉम्प्युटरच्या दुकानातून बद्रीनाथ नावाचा इंजिनिअर आला. त्याला वाटलं, शेवटचं पान आधी छापायची खूण कुठंतरी चालू राहिली असेल. ती नव्हती. मग त्यानं प्रिंटर तपासला, वायर बदलली. कडुबा बाजूला उभा राहून शेरे मारत होता.

"साहेब, त्याला उलटं चालायची सवय लागली आसंल. आजकाल सगळंच उलटं चाललंय. विद्यापीठाचं नाव उलटं, आता आमची पुस्तकं उलटी."

यशोधरा पडद्याकडं बघत म्हणाली, "कडुबादादा, प्लेट तुम्ही चढवली. सोळा नंबर तुमच्या डोळ्यासमोरून तीन हजार वेळा गेला."

"मी शाई बघतो म्याडम, आकडे नाय बघत."

दुपारी बद्रीनाथनं डिस्क उघडून बघितली. तात्यासाहेबांच्या पुतण्यानं त्यात खेळ भरून ठेवले होते. ते त्यानं पुसले, जागा झाली, आणि पुस्तिका जुळवायची ती सोय पहिल्यांदा चालली. बराच वेळ मशीन घरघरत राहिलं. मग कागद आले. त्यानं दुमडले. एक नंबर वर, दोन आत, सोळा मागं.

"प्रोग्राम ठीक आहे," तो तात्यासाहेबांना म्हणाला. "पानं हातानं लावताना चुकलंय. माणसाची चूक आहे." बॅग उचलून तो गेला.

तात्यासाहेब वर गेले. यशोधरा बाहेर तोंड धुवायला गेली. कडुबा तंबाखू चोळत पायऱ्यांवर बसला होता, त्याची पाठ माझ्याकडं होती. मी भिंतीवरची डमी काढली. टाचणी पुन्हा भिंतीत खोचली. डमी कापायच्या मशीनखाली कातरणांच्या पोत्यात खोल कोंबली. संध्याकाळी पोतं रद्दीवाल्याकडं गेलं.

हे मी केलं. भीतीनं केलं म्हणतो, पण टाचणी जागच्या जागी खोचायचं भान होतं.

मंगळवारी बंद होता. नामांतराच्या बाजूनं की विरुद्ध, हेही तेव्हा सकाळी नीट कळत नव्हतं, रोज काहीतरी असायचं. तात्यासाहेबांनी आम्हाला लवकर बोलावलं आणि आतून शटर ओढून कुलूप लावलं. वर बोळातून पळण्याचे आवाज आले, मग पोलिसांची गाडी. भोंग्यावरून सांगत होते, घरात बसा. आता संध्याकाळपर्यंत कुणालाच बाहेर पडता येणार नव्हतं. आम्ही चौघं आणि तीन हजार पुस्तिका.

"बाई," तात्यासाहेब म्हणाले, "मी जात बघून माणूस ठेवत नाही. बघितली असती तर ठेवलं नसतं."

"म्हणजे बघितली होती," यशोधरा म्हणाली.

"तोंड चालतंय चांगलं. हात असा चालला असता तर ही वेळ आली नसती. खरं सांगा, मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम कशाला करीन? सोळा पानं माझ्या हातानं बसवलीत मी. डोळे फुटले माझे त्या चित्रांपायी." ती भिंतीकडं वळली. टाचणीकडं बघत राहिली. "डमी कुठं गेली?"

तिनं टेबलाखाली बघितलं, प्रिंटरमागं बघितलं.

"इथं होती. मामांनी केलेली. काल दुपारपर्यंत होती."

"घ्या," कडुबा म्हणाला. "डमीबी गायब. सोयीनं गायब."

"सोनाजी," तात्यासाहेब माझ्याकडं वळले, "डमी तू केली होती?"

"व्हय."

"बरोबर होती?"

ट्यूबलाइट गुणगुणत होती. मी म्हणालो, "बरोबरच आसंल."

यशोधरानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. हिशेब लागत नसला की माणूस आकड्यांकडं बघतो तसं.

"आसंल नको," तात्यासाहेब म्हणाले. "कारखान्याच्या साहेबाला मला कागद दाखवावा लागंल. दोघांनी आपापलं लिहून द्या. काय केलं, कसं केलं. खाली सही." त्यांनी दोन कोरे कागद आणि दोन पेनं टेबलावर ठेवली. "शटर उघडायच्या आत पाहिजे."

यशोधरा खाली बसून लिहायला लागली. भराभर लिहीत होती, पेनाचा आवाज येत होता. मी दुसऱ्या टोकाला बसलो. पेन धरलं. उस्तादांच्या हातात बोरू बघितला होता तसं धरलं. कागदाच्या कोपऱ्यात एक आकडा काढावासा वाटला. वर पुन्हा गाडी गेली, शटर हललं. तात्यासाहेब खुर्चीवर बसून माझ्याकडंच बघत होते. कडुबाही बघत होता. यशोधराचा अर्धा कागद भरला. माझा कोराच.

"लिही की," तात्यासाहेब म्हणाले. "चौथी शिकलास ना तू?"

दार नव्हतं, खिडकी नव्हती. वीस वर्षं मी कुठल्या ना कुठल्या कारणानं अशा कागदापासून दूर गेलो होतो. चष्मा विसरला, हाताला शाई आहे, नंतर बघतो. आज जायला जागा नव्हती. मला धीर आला नव्हता. दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी तो कागद दुमडला. पाठ उजवीकडं धरली, वरच्या पानावर एक लिहिला, आत दोन, तीन, मागं चार, आणि उघडून तात्यासाहेबांसमोर पसरला.

"मला लिहिता येत नाय," मी म्हणालो. "वाचताबी येत नाय. चौथी खोटी हाय. हे येतं. पोरपणी उर्दू छापखान्यात शिकलो. डमी मी अशीच केली."

तात्यासाहेब त्या कागदाकडं बघत राहिले. मग त्यांनी गठ्ठ्यातली एक प्रत उचलली, फिरवली, पाठ उजवीकडं घेतली आणि पान उलटलं. एक. दोन. तीन.

कडुबा मोठ्यानं हसला. "आयला मामा. मराठी पुस्तक उर्दूत बांधलं की तुम्ही."

कुणी हसलं नाही म्हणून तोही गप्प झाला.

"मग ह्या तीन हजारांचं करायचं काय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"पिना उपसायच्या," मी म्हणालो. "पाठ कापायची, पानं सुटी होतात. एक-दोन एका पानावर हाय, तीन-चार दुसऱ्यावर, क्रम मोडत नाय. मग डाव्या अंगानं, वरून खालपर्यंत तीन पिना मारायच्या. समास पुरतो, बोटभर हाय. घडीचं पुस्तक राहात नाय, टाचलेलं होतं. पण सरळ उघडतं. दीड दिवसात करतो."

तात्यासाहेबांनी मान हलवली. त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसला.

यशोधरानं पेन खाली ठेवलं होतं. "हे एवढं लगेच सुचलं, मामा?"

मी वरच्या प्रतीची पिन नखानं उचकटायला लागलो.

"तरी कागद पाहिजे," तात्यासाहेब म्हणाले. "साहेबासाठीबी, मलाबी. बाई, तुम्ही लिहा, हा सांगंल. खाली अंगठा घ्या."

तिनं आपला लिहिलेला कागद दुमडून बाजूला ठेवला आणि नवा घेतला. मी सांगितलं. डमी मी केली. घडी उजवीकडं धरली. तशी मी शहागंजात शिकलो. यशोधराबाईंची चूक नाही. चार वाक्यं. मी थांबलो, पण तिचं पेन थांबलं नाही. आणखी चालत राहिलं, मग ती थांबली.

"वाचते," ती म्हणाली. आणि तिनं वाचलं. मी सांगितलेली चार वाक्यं, शब्दाला शब्द. मी कागदाकडं बघत होतो. ओळी माझ्या वाक्यांपेक्षा जास्त वाटत होत्या, पण एका वाक्याला किती ओळी लागतात हे मला कुठं ठाऊक होतं? तिनं वाचलं तेच त्यावर आहे की नाही, हे कळायला मला काही साधन नव्हतं. तीन दिवस तीही अशीच बसली होती माझ्यासमोर, माझ्या शब्दावर.

कडुबानं शाईचा डबा पुढं केला. मी अंगठा बुडवला आणि तिनं बोट ठेवलं तिथं टेकवला.

तात्यासाहेबांनी कागद वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा वरून वाचला. मग चष्मा काढला.

"तुला शनिवारपासून ठाऊक होतं?" ते मला म्हणाले. "अन् डमी तूच फेकली?"

मी यशोधराकडं बघितलं. ती पेनाला टोपण लावत होती. नीट, आवाज होईपर्यंत दाबून लावलं. तिनं नजर चुकवली नाही.

मी हे सांगितलं नव्हतं. तिनं पाहिलंही नव्हतं. पण त्यात खोटं काही नव्हतं, आणि खाली माझा अंगठा ओला होता.

"व्हय," मी म्हणालो.

"एवढं काम पुरं कर," तात्यासाहेब म्हणाले, "अन् मग येऊ नको."

शटर संध्याकाळी उघडलं. तोवर मी कापायला सुरुवात केली होती. मी पाठी कापत होतो आणि यशोधरा पानं ठोकून सरळ करून माझ्या हाताशी ठेवत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण बाहेर जाता येत नव्हतं आणि दुसरं काम नव्हतं. एकदा मी पट्टी मागितली, तेवढंच बोलणं. तिनं दिली.

गुरुवारी दुपारी माल गेला आणि मीही पायऱ्या चढून वर आलो. त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत वाटत होतं की त्या तळघरातून बाहेर पडलो तर मरेन. मेलो नाही. वाळूजला हमाली केली, मग पडेगावात एका वीटभट्टीवर राहिलो. विद्यापीठाचं नाव झालं ते माल गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी घरीच बसलो होतो, एवढं आठवतं. यशोधरा छापखान्यात राहिली. पुढं तिनं औरंगपुऱ्यात स्वतःचं सेंटर काढलं असं कडुबानं एकदा बाजारात सांगितलं.

दोन वर्षांनी पडेगावच्या शाळेत मोठ्यांचा वर्ग निघाला आणि मी जाऊ लागलो. सत्तावन्न वर्षांचा होतो. अक्षरं हळूहळू आली. जोडाक्षरांना फार वेळ लागला. वाचायला यायला लागल्यावर मी तात्यासाहेबांकडं जाऊन तो कागद मागणार होतो. गेलो नाही. तोवर त्यांच्या अर्ध्या अंगावरून वारा गेला होता आणि छापखान्याच्या जागी चपलांचं दुकान आलं होतं.

ती जास्तीची ओळ तिनं कशी लिहिली असेल ते मी वहीत बऱ्याच वेळा लिहून बघितलं आहे. हे सगळं सोनाजींना शनिवारपासून माहीत होतं, असं लिहिलं असेल. किंवा, हे सगळं मामांना शनिवारपासून माहीत होतं. एका शब्दाचा फरक आहे. मला तो कळायला पाहिजे होता, बाकी काही नाही.